शुगरची पट्टी: गरज नाही तो रोज वापरतो, गरज आहे त्याच्या घरी नाही

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. ओपीडी सुरू होताच एक निवृत्त गुरुजी आले. डायबेटिस निघून चार महिने झालेले, गोळी फक्त मेटफॉर्मिनची. त्यांनी टेबलावर एक वही ठेवली. रोज पहाटे साडेपाचची अनशापोटीची शुगर, एकही दिवस न चुकता लिहिलेली: १२८, ११९, १३४, १२६, १३१... १३४ च्या पुढे लाल पेनाने फुली. त्या रात्री गुरुजी जेवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी १३७ आली, तेव्हा सूनबाईंनी चहा बंद केला. गुरुजी म्हणाले, "सर, झोप लागत नाही. पहाटे मशीन काय दाखवेल याचीच धास्ती असते."

त्याच वेळी वॉर्डात मंठा तालुक्यातल्या एक आजी झोपलेल्या होत्या. एकादशीचा उपवास, सकाळी नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, दुपारी थोडी भगर खाल्ली आणि खुरपणीला गेल्या. संध्याकाळी दरदरून घाम, हातपाय गार, बोलणं असंबद्ध. कोणी म्हणालं पित्त झालं, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. जीपमध्ये घालून जालन्याला आणेपर्यंत दोन तास गेले. शुगर निघाली ३४. शिरेतून ग्लुकोज गेलं तशा त्या शुद्धीवर आल्या. सहा वर्षांपासून ती गोळी चालू होती. या गोळीने शुगर खाली जाऊ शकते, हे त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं. घरात ग्लुकोमीटर नव्हता.

गुरुजींनी चार महिन्यांत शंभरावर पट्ट्या वापरल्या. आजींनी सहा वर्षांत घरी एकही नाही.

म्हणून आज थोडं रागाने लिहितो आहे. आपल्याकडे शुगरच्या पट्ट्या चुकीच्या बोटांवर खर्च होत आहेत. याला पेशंट जबाबदार नाहीत. जबाबदार आम्ही डॉक्टर आहोत. मीसुद्धा वर्षानुवर्षं चिठ्ठीवर "घरी शुगर तपासत जा" एवढंच लिहीत आलो. कधी तपासायची, कशासाठी तपासायची, आकडा आल्यावर काय करायचं, यातलं काहीच लिहिलं नाही.

रोज सकाळच्या आकड्याने काय होतं?

तुम्हाला टाइप २ डायबेटिस आहे, इन्सुलिन नाही, शुगर एकदम खाली नेणारी गोळीही नाही. अशा माणसाने रोज बोट टोचून फायदा होतो का, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी नीट तपासला गेला आहे.

इंग्लंडमध्ये ४५३ पेशंटवर एक अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर घरी तपासणाऱ्यांच्या आणि न तपासणाऱ्यांच्या एचबीएवनसीमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २००८ साली उत्तर आयर्लंडमधल्या अभ्यासात नुकताच डायबेटिस निघालेले १८४ पेशंट होते. तिथेही शुगरच्या नियंत्रणात फरक नाही. उलट घरी तपासणाऱ्यांमध्ये उदासी थोडी जास्त आढळली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ४५० पेशंटवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही तोच. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत किंचित फायदा दिसला आणि वर्षभरात तोही ओसरला.

असं का व्हावं? कारण साधं आहे. त्या आकड्यावरून कोणी काही बदलत नाही. थर्मामीटर लावून ताप उतरत नाही, तशी ग्लुकोमीटरने शुगर उतरत नाही. मेटफॉर्मिनचा डोस आम्ही आजच्या आकड्यावर उद्या बदलत नाही. तीन महिन्यांचं चित्र पाहून बदलतो. ते चित्र एचबीएवनसी दाखवते. स्थिर होईपर्यंत ती दर तीन महिन्यांनी करायची, नंतर सहा महिन्यांनी.

आणि सकाळची शुगर ही तुमच्या रात्रीच्या जेवणाची मार्कलिस्ट नसते. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, काही हार्मोन वाढतात आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. म्हणून "रात्री जेवलोच नाही, तरी सकाळी वाढली" असं होतं. ही तुमची चूक नाही. जेवण टाकून देणं हा त्यावरचा उपायही नाही.

आता मशीनकडे या. ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरचा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर किंवा खाली असला, तरी मशीन पास होतं. म्हणजे खरी शुगर १३० असेल, तर मशीन ११० ते १५० मधलं काहीही दाखवू शकतं. गुरुजींची वही पुन्हा पाहा. ११९ पासून १३७ पर्यंतचे सगळे आकडे या पट्ट्यात बसतात. ज्या फरकाने त्यांचं जेवण गेलं, चहा गेला, झोप गेली, तो फरक कदाचित शरीरात नव्हताच.

त्यात खर्च आहे. एक पट्टी पंधरा रुपयांना धरली, तरी रोजची एक म्हणजे वर्षाला साडेपाच हजार रुपये. मशीन स्वस्तात किंवा फुकट मिळतं, पट्टीचे पैसे मात्र जन्मभर द्यायचे असतात. हा धंद्याचा हिशेब आहे, तुमच्या तब्येतीचा नाही.

मग पट्टी कोणाला हवीच?

ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. टाइप २ च्या सरसकट सगळ्यांना घरी शुगर तपासायला सांगू नका, पण काही जणांना मात्र ती सोय द्याच. आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगायचं, तर पुढचे लोक:

१. इन्सुलिन घेणारे सगळे. इथे वादच नाही. पट्टीशिवाय इन्सुलिन म्हणजे दिव्याशिवाय रात्री गाडी चालवणं.

२. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेणारे. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवला असा किंवा नसा. बऱ्याच वेळा हे औषध मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतं, त्यामुळे पेशंटला माहीतच नसतं. आज घरी गेल्यावर गोळीच्या पाकिटावरचं नाव कोणाकडून तरी वाचून घ्या.

३. याच औषधांवर असलेले ड्रायव्हर आणि यंत्रावर काम करणारे. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये तापलेल्या सळईशेजारी रात्रपाळी करणारा कामगार, रात्रभर ट्रक चालवणारा, ऊसतोडीला जाणारा. यांची शुगर ६० वर आली, तर चक्कर एवढ्यावर भागणार नाही.

४. गर्भवती महिला, स्टेरॉइड चालू असलेले, आणि ताप, उलट्या, जुलाब झालेले डायबेटिसचे पेशंट.

५. नुकताच डायबेटिस निघालेले, पण काही आठवड्यांपुरतेच आणि शिकण्यासाठी. हे कसं करायचं, ते पुढे सांगतो.

पहिल्या तीन गटांत आपल्याकडे कोण असतं? बहुतेक शेतकरी, मजूर, कामगार. ग्लिमेपिराइड स्वस्त आहे, म्हणून गरीब पेशंटला तेच जास्त दिलं जातं. म्हणजे ज्या गोळीसोबत पट्टी हवी, ती गोळी नेमकी पट्टी न परवडणाऱ्याच्या हातात जाते. सरकारी योजनेत तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची शुगर तपासायची आहे आणि औषधही मोफत द्यायचं आहे. ही चांगली गोष्ट आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात डायबेटिसचे सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत, त्यामुळे त्याची गरजही होती. पण शुगर खाली नेणारं औषध फुकट द्यायचं आणि ती किती खाली गेली हे पाहण्याची पट्टी मात्र विकत घ्यायला लावायची, ही अर्धी मदत झाली. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडवर असलेल्यांना महिन्याला दहा-पंधरा पट्ट्या औषधासोबतच मिळाल्या पाहिजेत. ग्रामसभेत रस्त्याचा, पाण्याचा प्रश्न मांडता, तसा हाही मांडा.

"पण रोज पाहिल्याने शिस्त राहते"

हा आक्षेप मी रोज ऐकतो आणि तो खोटा नाही. काही लोकांना आकडा दिसला की चालायला जावंसं वाटतं. तुमचं तसं असेल, पट्टी परवडत असेल आणि आकड्याने झोप उडत नसेल, तर तपासा. मी अडवणार नाही. पण प्रामाणिकपणे एक पाहा. गेल्या महिन्यात आकडा पाहून तुम्ही नेमकं काय बदललं? उत्तर "काही नाही" असेल, तर ती शिस्त नाही, सवय आहे.

दुसरा आक्षेप माझ्या व्यवसायबंधूंचा. "पेशंटला घरी तपासू देऊ नका. घाबरतात, स्वतःच गोळ्या कमी-जास्त करतात. महिन्याला लॅबची फास्टिंग पुरे." हे मला मान्य नाही. महिन्याच्या त्या तपासणीच्या आदल्या दिवशी भात बंद, गोड बंद, रात्री नुसतं ताक. रिपोर्ट छान येतो, आम्ही "चालू ठेवा" म्हणतो आणि उरलेल्या एकोणतीस दिवसांबद्दल कोणालाच काही कळत नाही. पेशंट घाबरतो तो आकड्यामुळे नाही. आकड्याचा अर्थ न सांगता त्याला मशीन दिलं म्हणून.

प्रश्न घेऊन टोचा

नुकताच डायबेटिस निघाला असेल, तर पंचवीस पट्ट्यांची एक डबी घ्या आणि अशी वापरा. पहिला आठवडा नाश्त्याचा, दुसरा दुपारच्या जेवणाचा, तिसरा रात्रीच्या जेवणाचा. प्रत्येक आठवड्यात फक्त तीन दिवस. त्या दिवशी दोनदा टोचायचं: जेवणाच्या आधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. शेजारी काय आणि किती खाल्लं ते लिहायचं. तीन आठवड्यांत अठरा पट्ट्या होतात.

हा जोडीचा आकडा बोलतो. नुसते २१० कळून काही उपयोग नाही. आधी ११५ होती आणि दोन तासांनी २१० झाली, म्हणजे मधल्या ताटात काहीतरी जास्त झालं. आधीच १९० होती आणि नंतर २१० झाली, तर दोष या जेवणाचा नाही. तिथे औषधाचा विचार करावा लागेल. बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य असतं. वय, किडनी, हृदय पाहून तुमचे डॉक्टर ते बदलू शकतात.

उरलेल्या सात पट्ट्या तुमच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी. दोन भाकरींऐवजी एक भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ घेतली तर? एकादशीच्या साबुदाण्याने काय होतं? उपवासाचा पदार्थ म्हणजे हलका, हा समज बहुतेकांचा एका पट्टीत जातो. साखरेऐवजी गुळाचा चहा खरंच वेगळा आहे का? मोसंबी सोलून खाल्ली तर किती आणि तिचा ग्लासभर रस प्यायलात तर किती? जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं तर? ही उत्तरं माझ्या छापील आहारतक्त्यात नाहीत. तुमच्या रक्तात आहेत.

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्सुलिन न घेणाऱ्या ४८३ पेशंटपैकी काहींना असंच ठरवून तपासायला लावलं. दर तीन महिन्यांनी, डॉक्टरांकडे येण्याआधीचे लागोपाठ तीन दिवस. डॉक्टरांनाही ती नोंद पाहून निर्णय घ्यायला शिकवलं. त्या गटाची एचबीएवनसी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ०.३ ने जास्त उतरली. फरक मोठा नाही, पण खरा आहे.

तीन आठवडे झाले की पट्टी थांबवा. पुन्हा कधी? औषध बदललं, आजारी पडलात, वजन बरंच बदललं, किंवा डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन-तीन दिवस.

आकडा खोटा कधी येतो?

मोसंबी सोललेल्या हाताने तपासू नका. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपल्या जिल्ह्याचं हे फळ शुगरचा आकडा चांगलाच फुगवू शकतं. सालीचा, गराचा रस बोटावर राहतो आणि मशीन त्यातली साखरही मोजतं. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती जात नाही. साबण-पाण्याने हात धुवा आणि पूर्ण कोरडा करा.

पट्ट्या उन्हापासून जपा. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात किंवा मोटारसायकलच्या डिकीत त्याहून जास्त. डबी माठाजवळच्या गार, कोरड्या कोपऱ्यात ठेवा आणि झाकण लगेच लावा. तारीख उलटलेली पट्टी वापरू नका.

बोट पिळून रक्त काढू नका. बोटाच्या टोकावर टोचण्यापेक्षा कडेला टोचा, दुखतं कमी. दुसऱ्याची सुई किंवा टोचायचं पेन कधीही वापरू नका, घरातल्या माणसाचंही नाही. त्यातून कावीळ बी सारखे आजार पसरतात.

अंगात रक्त कमी असेल, तर मशीन शुगर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसीसुद्धा वाढलेली दिसू शकते. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे नेहमी आढळतं. शुगरच्या रिपोर्टसोबत हिमोग्लोबिनही दाखवा.

आणि घरच्या मशीनवर डायबेटिसचं निदान करू नका. ते लॅबच्या तपासणीवरच होतं.

हा एक आकडा मात्र पाठ करा: ७०

घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, बरळणं. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्याला असं झालं, तर लगेच शुगर तपासा. ७० च्या खाली असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घोळून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. मग भाकरी किंवा पोळी खायला द्या. मशीन नसेल, तर वाट पाहू नका, साखर द्या. एकदा साखर दिल्याने नुकसान होणार नाही. न दिल्याने जीव जाऊ शकतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. गोळीमुळे शुगर उतरली असेल, तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा. एकादशी, नवरात्र, रमजानचे रोजे, जो काही उपवास असेल, त्याआधी गोळीचं काय करायचं ते विचारून ठेवा.

तुमच्या डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न

मला घरी तपासायची गरज आहे का? असेल तर कोणत्या दिवशी, किती वाजता? आणि आकडा किती आला तर मी काय करायचं? उत्तरं चिठ्ठीवर लिहून मागा. गर्दी असली तरी मागा. जो डॉक्टर तुमची वही उघडून पाहत नाही, त्याला ती लिहायला सांगण्याचा अधिकार नाही. हे मी स्वतःलाही बजावतो आहे.

गुरुजींची एचबीएवनसी ६.८ होती, म्हणजे चांगली. त्यांची पहाटेची तपासणी मी बंद केली आणि तीन आठवडे जोडीने तपासायला सांगितलं. त्यांना कळलं की अडचण रात्रीच्या जेवणात नव्हती, सकाळच्या ताटभर पोह्यांत होती. पोहे निम्मे झाले, सोबत उसळ आली. चहा बिनसाखरेचा, पण परत मिळाला.

आजींच्या गोळीचा डोस कमी केला. मुलाने ग्लुकोमीटर आणि पंचवीस पट्ट्या घेतल्या. कधी तपासायचं ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यांनी देवघराशेजारी चिकटवला आहे. सून दहावी शिकलेली आहे, तीच बोट टोचते. या एकादशीला गोळी घ्यायची की नाही, हे विचारायला तिचा फोन आठ दिवस आधीच आला.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नका.)